काठावर थांबायचं नाही

१९ जानेवारी २०२५, रविवार

तिसऱ्या प्रकाशकाकडूनही हस्तलिखित परत आलं. सोबत दोन ओळींची चिठ्ठी नाही, सा.न.वि.वि. नाही, नुसतं पार्सल. कुरियरवाल्याने ते वॉचमनकडे टाकलं आणि वॉचमनने दोन दिवस त्यावर पाण्याची बाटली ठेवली. 'उभयचर युद्ध : सिद्धान्त आणि मोहीमकला' या माझ्या ग्रंथावर आता एक गोल डाग आहे.

माधुरी म्हणाली, "बेडकांच्या लढाईवर एवढं जाडजूड पुस्तक कोण घेणार?" इतकी वर्षं माझ्याशी संसार करून हिला उभयचर म्हटलं की बेडूकच आठवतो. पाण्यातून येऊन शत्रूच्या जमिनीवर उतरणारं सैन्य, हे मी तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षी समजावलं होतं. तेव्हा ती ऐकायची तरी.

या वहीत खरं लिहायचं ठरवलं आहे, तर लिहितो. कॉलेजात आयुष्यभर संरक्षणशास्त्र शिकवलं. डावपेच म्हणजे एक लढाई जिंकणं, रणनीती म्हणजे सगळं युद्ध जिंकणं, आणि या दोहोंच्या मधे, एका लढाईला दुसरी जोडून मोहीम बांधणं, ती मोहीमकला. हा शब्द माझा. पण मी एकही लढाई पाहिलेली नाही. डोळ्यांमुळे सैन्यात घेतलं नाही. किनाऱ्यावर उतरण्याबद्दल सहाशे पानं लिहिली आणि मला पोहता येत नाही. मागच्या बाकांवरची पोरं याबद्दल काय बोलायची ते मला ऐकू यायचं.

संध्याकाळी निकेशचा फोन आला. माझा जुना विद्यार्थी, दोनदा नापास झालेला. "सर, तुमचा सल्ला पाहिजे. येऊ का पुढच्या रविवारी?" सल्ला! निवृत्तीनंतर माझ्याकडे लोक फक्त सोसायटीची वर्गणी मागायला येतात.

२६ जानेवारी, रविवार

निकेश आला. गाडी एवढी मोठी की आमच्या विचुंब्याच्या गल्लीत वळेना. आल्या आल्या माझ्या पाया पडला. आता जमिनींचं काम करतो, म्हणजे इतरांना ज्या जमिनी मिळत नाहीत त्या मिळवून देतो.

आपटा गावाच्या खाली पाताळगंगेच्या काठावर कातकऱ्यांची एक वाडी आहे. तीसेक झोपड्या. जागा कागदोपत्री निकेशच्या पार्टीची, म्हणजे गिऱ्हाइकाची आहे, असं तो म्हणतो. तिथे नदीकाठचं रिसॉर्ट व्हायचं आहे. दोनदा जेसीबी पाठवले, दोन्ही वेळा वाडीतल्या बायका रस्त्यावर आडव्या पडल्या. पनवेलची केरेन नावाची एक वकीलबाई आहे. बेने इस्राएली, म्हणजे कोकणातली ज्यू, सडसडीत, भांडखोर. तिला फोन जातो आणि ती अर्ध्या तासात तिथे उभी.

"सर, एकदा झोपड्या पडल्या ना, की केस म्हातारी होईपर्यंत चालू दे. मोकळी जागा आमची. पण उभ्या आहेत तोवर ती जागा त्यांची."

मी विचारलं, "तू रस्त्यानेच का जातोस?"

"दुसरा रस्ताच नाहीये, सर."

"नदी आहे."

निकेशच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मला वर्गात एकदाही पाहायला मिळालं नव्हतं. त्याला कळलं. दोनदा नापास झालेल्या मुलाला एका शब्दात कळलं.

जाताना म्हणाला, "सर, तुमचं पुस्तक आपण छापू. प्रकाशन नाट्यगृहात, मोठं. मी फुकट सल्ला घेत नसतो." मी म्हणालो, पुस्तकाचा आणि याचा काही संबंध नाही. तो म्हणाला, "अर्थातच नाही, सर."

२ फेब्रुवारी, रविवार

आज एक अजब योग जुळला. आमच्याकडे भांडी घासायला येणारी ललिता त्याच वाडीची निघाली. इथे विचुंब्यात बहिणीच्या पत्र्याच्या खोलीत राहते, पण घर तिकडे. नवरा जैतू दिवाळीपासून वीटभट्टीवर, सहा वर्षांची मुलगी चिंगी तिकडे आजीपाशी. दीड वर्ष ही बाई माझ्या कपबशा विसळते आहे आणि मी तिला कधी गाव विचारलं नव्हतं.

टेहळणीचं पहिलं तत्त्व असं की सर्वोत्तम माहिती देणाऱ्याला आपण माहिती देतोय हे कळत नाही. मी तिला ओट्यापाशी स्टूल दिलं, चहा दिला, बिस्किटंही दिली. माधुरी बघतच राहिली.

"समदी मानसं भट्टीव गेलीत, साहेब," ललिता म्हणाली. "वाडीत म्हाताऱ्या नि पोरं, नि दोनचार बाया. आमाला पावसाआधी कोन सोडतो?"

"आणि नदीकडून कोणी येतं का?"

"नदीकडून कोन येल? तकडं चिकल हाय. उधानाला पानी वर आलं तरच होडी लागते." मग ती कप हातात तसाच धरून बसली. "दोनदा आलं ते जेसीबीवालं. बाया आडव्या पडल्या म्हनून घर वाचलं. आता परत आलं तं? भट्टीवाला पावसात ठेवत नाय. शेठची जागा, रस्त्याची जागा, समदी दुसऱ्यांची. आमची तेवढीच हाय. माझी सासू तितंच जन्मली, चिंगी तितंच जन्मली."

मी तिला आणखी दोन बिस्किटं चिंगीसाठी बांधून दिली. ती खूश झाली. "साहेब कवा इतकं बोलत नाय," असं तिने माधुरीला सांगितलं.

माहिती पक्की आहे : रक्षणकर्ते अनुपस्थित, मागची बाजू उघडी, पाणी फक्त उधाणाला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

काल पौर्णिमा झाली, म्हणून आज उधाणाची भरती बघायला गेलो. निकेशने समोरच्या काठावर आंब्याखाली खुर्ची टाकून दिली होती. माधुरीने पक्षी बघायला घेतलेली दुर्बीण मी आणली होती. पक्षी तिने एकदाही पाहिले नाहीत.

ओहोटीला काठ म्हणजे नुसता चिखल, कंबरेएवढा तरी असेल. पण भरती आली तसं पाणी चढत चढत थेट झोपड्यांच्या मागच्या झाडांशी पोचलं. रेती वाहणारी सपाट बार्ज तिथे सहज लागेल. पोकलेनचं खोदमशीन वर चढवायचं, बार्जच्या तोंडाला लोखंडी दार बसवायचं, साखळीवर. दार पडलं की त्यावरून मशीन थेट काठावर. निकेशचा माणूस म्हणाला, कळंबोलीत वेल्डिंग होईल.

वहीत जे लिहिलं होतं तेच वाडीत दिसलं. एक म्हातारी सुकट पसरत होती. पाण्याशी एक लहान मुलगी उभी होती, तिने आमच्याकडे बघून हात हलवला. मीही हलवला, संशय येऊ नये म्हणून. ती बराच वेळ हलवत राहिली आणि माझा हात दुखून आला.

परत येताना मी गाडीत गुणगुणत होतो, असं निकेश म्हणाला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आराखडा झाला. गेली पंधरा वर्षं मी या अवस्थेत नव्हतो. भूक नाही, झोप नाही, गुडघाही दुखत नाही.

पहिली हूल. रस्त्याने दोन जेसीबी, मोठा आवाज करत, शक्य तितके सावकाश. बायका तिकडे धावतील, वकीलबाई तिकडे येईल, सगळ्यांचे मोबाईल तिकडे वळतील. त्याच वेळी मुख्य चढाई नदीतून. दिवस १४ मार्च, शुक्रवार, धुळवड. फाल्गुनी पौर्णिमेचं उधाण, कोर्टाला सुट्टी, कचेरीला सुट्टी, रस्त्यावरची गावं रंगात आणि दारूत. निकेशला सांगितलं तेव्हा त्याने तारीख आधी मोबाईलवर टिपून घेतली. मग म्हणाला, "सर, तुम्ही चुकीच्या देशात जन्माला आलात."

एक शंका मात्र आहे. समोर शस्त्र नाही, सैन्य नाही. एक म्हातारी आणि सुकट. मग हे युद्ध आहे का? दुपारभर यावर डोकं शिणवलं. शेवटी ग्रंथातलंच तिसरं प्रकरण काढून वाचलं. युद्ध शस्त्रांनी ठरत नाही, दोन विरुद्ध इच्छांनी ठरतं. त्यांची इच्छा राहण्याची, निकेशची त्यांना काढण्याची. व्याख्येत बसतं. शिवाय वाडीत माणसंच नसतील तर कोणाला काही लागणार नाही. उलट मी नसतो तर निकेशने गुंड पाठवले असते. या विचाराने बरं वाटलं.

माधुरीला सहज विचारलं, "एखाद्याच्या ज्ञानाचा कधीतरी उपयोग व्हावा असं वाटणं चूक आहे का?" ती म्हणाली, "कशासाठी उपयोग, त्यावर आहे." बँकेत नोकरी केलेल्या माणसाकडून दुसरं काय अपेक्षित असणार.

५ मार्च, बुधवार

ललिताने सुट्टी मागितली. शिमग्याचे चार दिवस.

"वैनी, चार दिस सुट्टी पायजेल. शिमग्याला समदी भट्टीवरनं घरी येतात. आमचं मानूस बी येनार. मालक तेवढं सोडतो."

मी पेपर वाचत होतो, तिथूनच म्हणालो, "परवा म्हणालीस पावसाआधी कोणी सोडत नाही."

"तसं सोडत नाय, साहेब. पन शिमग्याला येतातच."

या लोकांची कारणं! कधी आजी मरते, कधी दीर येतो, आता नवरा येणार. मी माधुरीला बजावलं की चार दिवसांची सुट्टी द्यायची तर दोन दिवसांचा पगार कापायचा. ऐन सणाला ओट्यावर पुरणाची भांडी पडलेली मला चालणार नाहीत. माधुरीने दिली सुट्टी, पगारही कापला नाही. ललिता इतकी आनंदली की जिन्यात गात गेली. चिंगीला रंगाची पिशवी घ्यायची म्हणत होती.

निकेशला संध्याकाळी सांगितलं, रंगीत तालीम नको, गुप्तता महत्त्वाची.

१३ मार्च, गुरुवार, होळी

पुरणपोळी घशाखाली उतरेना. माधुरीने दोनदा विचारलं, छातीत दुखतंय का. सोसायटीच्या होळीत नारळ टाकायचा विसरलो आणि तसाच घरी घेऊन आलो. मोठमोठे सेनापती आदल्या संध्याकाळी असेच असणार. पण ते कोणी लिहून ठेवत नाही.

भीती एकच आहे. मी चुकलो तर? म्हणजे बार्ज चिखलात रुतली, भरती वेळेआधी फिरली, वर्गातली सगळी पोरं पुन्हा एकदा हसली तर?

१४ मार्च, शुक्रवार, धुळवड

घरी आलो, अंघोळ केली, दोन पुरणपोळ्या खाल्ल्या. भूक लागली याची थोडी लाज वाटली, पण लागली होती. आता सगळं क्रमाने लिहितो.

दुपारी भरती भरत आली तेव्हा मी आंब्याखाली खुर्चीवर होतो, एका हातात दुर्बीण, दुसऱ्यात मोबाईल. निकेश स्वतः बार्जवर होता. हूल उत्तम लागली. रस्त्याच्या बाजूने आरडाओरडा ऐकू आला, बायका तिकडे पळताना दिसल्या, आणि मग केरेनची पांढरी गाडी. मला हसू आवरेना. सगळं जणू मी फळ्यावर काढलं होतं तसंच.

बार्ज वळणावरून आली आणि मी दुर्बीण वाडीवर धरली. वाडी भरलेली होती. पुरुष, पोरं, म्हातारे, सगळ्यांच्या तोंडाला रंग. कुठून आले हे लोक? झोपड्यांमधून माणसं निघतच होती. ढोल वाजत होता, तो थांबला. त्यांनी बार्ज पाहिली आणि दहाबारा जण सरळ पाण्यात उतरले, छातीएवढ्या पाण्यात, हातांनी आणि बांबूंनी बार्ज मागे ढकलायला. लोखंडी बार्ज हातांनी!

मोबाईलवर निकेश ओरडत होता. "सर, तुम्ही म्हणालात वाडी रिकामी आहे! पाण्यात माणसं आहेत. मागे घेऊ का?"

तो क्षण मला आयुष्यभर आठवेल. भरती फिरायला आली होती. मागे घेतली असती तर पुन्हा वळून येईपर्यंत बार्ज चिखलात बसली असती आणि पुढचे पंधरा दिवस उधाण नाही. माझ्या ग्रंथाचं सातवं प्रकरण याच एका गोष्टीवर आहे. ज्या सैन्याने पाणी आणि जमीन यांच्या मधल्या पट्ट्यावर विचार करायला थांबायचं ठरवलं, ते तिथेच मेलं. इतिहासात असं पुन्हा पुन्हा झालं आहे.

मी म्हणालो, "निकेश, काठावर थांबायचं नाही. दार सोड."

"सर, माणसं..."

"बाजूला होतील. सोड."

दार सुटलं. साखळीचा आवाज या काठापर्यंत आला. बाकीचे बाजूला झाले, एक झाला नाही. तो अगदी मधोमध होता, दोन्ही हात बार्जच्या पोलादावर टेकून. दार पडल्यावर त्याचा एक हात वर दिसला, गुलाबी रंगाचा, मग दिसला नाही. मग पोकलेन दारावरून उतरलं. त्याला थांबायला सांगितलं नव्हतं.

त्यानंतर प्रतिकार संपला. सगळे त्या दाराकडे धावले, कोणी झोपड्यांकडे बघेना. मशीनने झोपड्या एका रांगेत पाडल्या. माणसं दार उचलायला ओरडत होती आणि मशीन दुसऱ्या बाजूला काम करत होतं. रस्त्यावरच्या बायका परत येईपर्यंत वाडी उरली नव्हती.

माझा सिद्धान्त खरा ठरला.

१५ मार्च, शनिवार

पेपरात आतल्या पानावर चार ओळी. धुळवडीच्या दिवशी आपट्याजवळ दारूच्या नशेत नदीत उतरलेल्या मजुराचा मृत्यू. नाव नाही. वाडीबद्दल एक अक्षर नाही.

माधुरीने तेवढ्याच चार ओळी मोठ्याने वाचल्या. "आपट्याचीच ना ललिता?"

"आपटा काय एवढंसं आहे?" मी म्हणालो.

तिने टेबलावरचं भरतीओहोटीचं कोष्टक उचललं, त्यावर मी लाल पेनने केलेली खूण पाहिली, आणि कोष्टक होतं तिथे ठेवलं. दिवसभर तिचं डोकं दुखत होतं.

१९ मार्च, बुधवार

निकेश आला नाही, फोन केला. आवाज सर्दी झाल्यासारखा. जागा मोकळी आहे, तारेचं कुंपण घातलंय. पोलिसांनी बुडून मृत्यू लिहिलंय. "पण ती वकीलबाई गप्प बसणार नाही, सर. ती बायकोला शोधतेय. मेलेल्याच्या बायकोने गुन्हा दाखल केला, तर आम्ही आत. आणि जागाही जाईल, सगळं सील होईल. बायको नाही बोलली, तर काही नाही. बाकीच्यांची साक्ष म्हणजे प्यायलेल्यांची साक्ष."

मी विचारलं, "पुस्तकाचं?"

"करू, सर."

मला त्याचा राग आला. त्याच्या डोक्यात चुकीचं बसलंय की सगळं माझ्यामुळे झालं. वाडी भरलेली निघाली यात माझी काय चूक? माझी माहिती फेब्रुवारीत अचूक होती. सणासुदीला भट्टीमालकाने माणसं सोडावीत, हे कोणत्या सिद्धान्तात बसतं? सातव्या प्रकरणाला एक तळटीप जोडायला हवी, एवढं मान्य.

२७ मार्च, गुरुवार

ललिताचा पत्ता नाही. सुट्टी चार दिवसांची होती. मी माझा कप स्वतः विसळतो आहे आणि कोणाला त्याचं कौतुक नाही.

माधुरीने तिची गादी आमच्या सासरी गेलेल्या मुलीच्या खोलीत हलवली. त्या खोलीला खिडकी मोठी आहे म्हणून असेल. माझ्या घोरण्याबद्दल तिची तक्रार जुनीच आहे. काल जेवताना तिने मला विचारलं, "तुला तिच्या वाडीचं नाव माहीत होतं?" मी म्हणालो, हो, तिनेच सांगितलं होतं. तिने ताटातला भात तसाच ठेवला. वाया घालवायची सवय तिला पूर्वी नव्हती.

रात्री दोनदा तो हात स्वप्नात आला. त्यात पाणी नव्हतं, नुसता हात. याला वैद्यकीय नाव आहे, सैनिकांना होतं ते. म्हणजे मलाही होऊ शकतं.

२ एप्रिल, बुधवार

ललिता आली. सोबत चिंगी. मी तिला ओळखलं नाही, आधी मला वाटलं दुसरी कोणी कामवाली आहे. कपाळ रिकामं, हात रिकामे. माधुरीने दार उघडलं आणि तिला आत घेऊन जवळ धरलं. मग माधुरीच रडायला लागली, ललिता नाही.

पाण्यातला तो माणूस जैतू होता.

मी खुर्चीत बसलो. भट्टीवर गेलेल्या शंभर माणसांत तोच कसा? ललिता दाराशी खाली बसली. चिंगी तिच्या पाठीमागून माझ्याकडे बघत होती. पाण्याशी उभं राहून हात हलवणारी मुलगी हीच. तिने मला ओळखलं असेल असं वाटून मी मान वळवली. दुर्बिणीतून ती मला जवळ दिसली होती, तिला मी तसा दिसलो नसणार.

ललिता सांगत होती. सगळी वाडी आता पुलाखाली राहते. सासूने अन्न सोडलंय. वकीलबाई रोज येते, म्हणते, गुन्हा दाखल कर, तू बायको, तुझं ऐकावं लागेल, जागाही परत मिळेल. उद्या ठाण्यात जायचं ठरलंय.

"पन पोलीस म्हनतो, तुझा नवरा पिऊन पान्यात गेला, चूक त्याची. भट्टीवाला बी तेच म्हनतो. साहेब, मला खरं कोन सांगनार? तुमी लढाईचं शिकिवता, वैनी म्हनल्या हुत्या. तुमी सांगा. त्येनं पान्यात जायाला नको हुतं का?"

असा प्रश्न. सरळ, नेमका. इतक्या वर्षांत एका विद्यार्थ्याने मला असा प्रश्न विचारला नव्हता. मला तिला टाळता आलं असतं, हात जोडता आले असते. पण तिला खरं हवं होतं, आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर शिक्षकाने द्यायचं असतं. मी टीपॉयवर बशी ठेवली, म्हटलं, ही तुमची वाडी. तिच्यासमोर कप ठेवला, ही बार्ज. मधली रिकामी जागा म्हणजे काठ.

शांतपणे सांगितलं. पाण्यातून येणारा शत्रू दार पडायच्या क्षणी सगळ्यात घातक असतो. त्याच्यासमोर उभं राहायचं नसतं. त्याला जमिनीवर येऊ द्यायचं, पसरू द्यायचं. तासाभराने तो विस्कळीत होतो, तेव्हा सगळ्यांनी मिळून घेरायचं. जो पाण्याच्या कडेला जाऊन भिडतो तो शूर असतो, पण चुकतो. जगभर असेच मेले.

ती बशीकडे बघत होती. मान हलवत होती. माधुरी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिच्या हातात पाण्याचा पेला होता. तो तिने दिलाच नाही.

"म्हंजे चूक आमच्या मानसाचीच," ललिता म्हणाली.

"चूक म्हणण्यापेक्षा," मी म्हणालो, "त्याला माहीत नव्हतं."

"पोलीस खोटं नाय बोलला मग." तिने डोळे पदराने पुसले, पहिल्यांदाच. "मंग मी नाय जात उद्या. त्येच्या नावानं खोटं कशाला सांगू? वकीलबाईला सांगते, साहेबांनी समजावलं."

मी म्हणालो, तो निर्णय तुझा. आणि खरंच तो तिचाच आहे. मी फक्त विचारलं त्याचं उत्तर दिलं.

मग तिने चिंगीला बाजूला सरकवलं, टीपॉयवरचा कप आणि बशी उचलली, आणि ओट्यापाशी जायला निघाली. दारात वळली. माधुरी तिथेच उभी होती, तिला ओलांडून तिने मला विचारलं.

"साहेब, तुमी त्येला आधी सांगलं असतं, तं तो वाचला असता ना?"

"वाचला असता," मी म्हणालो.